शंभर मीटरच्या आतलं घर: शनिवारवाड्याशेजारी वाडा दुरुस्त करताना

शनिवारवाड्याच्या आसपास जुनं घर असलेल्या कुणालाही विचारा, "इथं खिळासुद्धा ठोकता येत नाही" हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. मी ते लहानपणापासून ऐकत आले. आमचा वाडा कसबा पेठेत, शनिवारवाड्याच्या गणेश दरवाजाच्या अंगाला आहे. पेशव्यांच्या घरातल्या बायका याच दरवाजातून कसबा गणपतीच्या दर्शनाला जात, असं सांगतात. आजही सकाळी आमच्या गल्लीतून गणपतीला जाणाऱ्यांची वर्दळ असते.

या वाड्याची मागची भिंत आणि छप्पर आम्ही रीतसर परवानगी काढून दुरुस्त केलं. जून २०२३ मध्ये सुरू झालेलं प्रकरण मे २०२५ च्या अखेरीस संपलं. या काळात मला सतत वाटायचं की आधी हे कुणी केलं असेल तर त्याने एकदा क्रमाने सांगावं. कुठे काय मागतात, कशाला किती वेळ जातो, पैसे किती लागतात. तसं सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून आता मी लिहितेय. मी वकील नाही, आर्किटेक्ट नाही. हिशेबाच्या कामातली आहे, त्यामुळे कागद जपून ठेवायची सवय तेवढी होती.

सुरुवात नोटिशीने झाली. पावसाळ्याआधी महापालिकेची माणसं पेठांमधून जुन्या इमारती पाहत फिरतात. २०२३ च्या जूनमध्ये आमच्या दिंडी दरवाजाला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची नोटीस लागली. मागच्या भिंतीला पोट आलं होतं आणि माडीवरच्या खोलीत कौलांतून पाणी येत होतं, हे आम्हालाही दिसत होतं. आईने नोटीस दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे आता घर सोडायचं का गं?" ती लग्न होऊन या घरात आली त्याला पन्नास वर्षं होत आली. त्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं.

ज्यांच्या दारावर अशी नोटीस लागली आहे त्यांनी आधी वर्ग बघावा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग उतरवणं. सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटिशीत वर्ग स्पष्ट नसेल तर तो लेखी विचारावा. आम्ही नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली (२५,००० रुपये) आणि अहवालात सी-२ब आलं. तो अहवाल जोडून नोटिशीला लेखी उत्तर दिलं आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतली. पुढे प्रत्येक टेबलावर ही पोच उपयोगी पडली. नोटिशीला उत्तर न देता गप्प बसलेल्या घरांचं काय होतं ते गल्लीत पाहिलंय. दुसऱ्या वर्षीच्या नोटिशीची भाषा कडक असते.

मधल्या काळात सल्ले भरपूर मिळाले. "बिल्डरला देऊन टाका" हा त्यातला पहिला. आमच्यापासून जरा आत, तांबट आळीच्या दिशेने गेलं की वाड्यांच्या जागी पाचमजली इमारती उभ्या राहिलेल्या दिसतात. खाली दुकान, वर एका खोलीत चार-चार विद्यार्थी, आणि गल्लीत दुचाकींची रांग. तांब्यावर पडणारे घाव दुपारी लांबून ऐकू यायचे, ते आता विरळ झालेत. बिल्डर आमच्याकडेही येऊन गेले. चहा प्यायचे, चौक बघायचे, शनिवारवाडा किती अंतरावर आहे ते विचारायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. ना विकता येत, ना पाडून बांधता येत, ना दुरुस्त करता येत, अशा समजुतीत आमच्या पट्ट्यातली कितीतरी घरं तशीच उभी आहेत. दरवर्षी एखाद्या घराची एखादी भिंत बसते, मग कुटुंब सिंहगड रोडला नाहीतर कोथरूडला भाड्याने जातं आणि दाराला कुलूप लागतं.

मला हा पट्टा रिकामा होताना बघवत नव्हता. सर्वात आधी "काहीच करता येत नाही" हे नक्की कुठे लिहिलंय ते शोधायचं ठरवलं.

हे लिहिलंय केंद्र सरकारच्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या १९५८ च्या कायद्यात, त्यातही २०१० च्या दुरुस्तीत. शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवीन बांधकाम करता येत नाही, पाडून पुन्हा बांधताही येत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम २०सी मध्ये दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करायची सोय आहे. अट अशी की इमारत १६ जून १९९२ च्या आधीपासून तिथे असली पाहिजे, किंवा त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांच्या मान्यतेने बांधलेली असली पाहिजे. नियंत्रित क्षेत्रात नवीन बांधकामासाठीसुद्धा याच कलमाखाली अर्ज करता येतो.

म्हणजे दार बंद नव्हतं. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच जणांना ही तारीख माहीतच नाही. त्याचबरोबर हेही सांगते की परवानगीशिवाय काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. "रात्रीत भिंत बांधून घ्या, कोण बघतंय" असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

पहिली खरी अडचण निघाली मालकीची. कलम २०सी खाली अर्ज मालकाने करायचा असतो आणि आमच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव होतं. आजोबा १९९१ मध्ये गेले, बाबा २०१६ मध्ये. वारसांमध्ये आई, मी, माझा भाऊ आणि दोघी आत्या. पेठेतल्या निम्म्याअधिक घरांची हीच गत असेल. घरात कुणी गेलं की तेरावं होतं, वर्षश्राद्ध होतं, कार्डावरची नोंद तेवढी राहून जाते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये वारस नोंदीची तयारी सुरू केली. आजोबांचा आणि बाबांचा मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची ओळखपत्रं, कार्डाचा ताजा उतारा. डिजिटल सहीचा उतारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो, त्यासाठी खिडकीशी उभं राहावं लागत नाही. आजोबांच्या दाखल्यावर नाव एका पद्धतीने आणि कार्डावर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं होतं, मधलं नाव आणि आडनावाचं स्पेलिंग दोन्ही वेगळं. त्यासाठी "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तुमच्याकडेही असं काही असेल तर अर्जाच्या आधीच करून ठेवा, नाहीतर त्रुटी निघाल्यावर महिना जातो.

थोरल्या आत्याकडे सांगलीला जाऊन सही आणली. ती म्हणाली, "वाडा पाडायला सही मागत असशील तर देणार नाही, उभा ठेवायला मागत असशील तर हवी तितक्या घे." धाकटी आत्या पुण्यातच असते, पण तिच्या घरच्यांना सही म्हणजे हक्क सोडणं वाटत होतं. त्यांना बसवून समजावलं की वारस नोंदीत आत्यांची नावं चढतात, उतरत नाहीत. हक्कसोड पत्र हा पूर्ण वेगळा दस्त असतो, तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि आम्ही तो करतच नव्हतो. भावंडांत हे आधी स्पष्ट बोलून घ्या. आमच्यात मोकळेपणाने बोलणं झालं आणि ताण कमी झाला.

डिसेंबर २०२३ मध्ये नगर भूमापन कार्यालयात अर्ज दिला. सगळ्या हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या, हरकतीची मुदत सरली, आणि मार्च २०२४ मध्ये कार्डावर आमची पाचही नावं चढली. तो उतारा आईला दाखवला तेव्हा तिने स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. पन्नास वर्षं ज्या घराचा उंबरा ती पुसत आली, त्याच्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदा आलं होतं.

त्याच सुमारास लोकसभेची आचारसंहिता लागली. पुण्याचं मतदान १३ मे ला होतं आणि कार्यालयांमधली बरीच माणसं निवडणुकीच्या कामाला होती. हा वेळ फुकट घालवायचा नाही असं ठरवून नकाशांचं काम हातात घेतलं.

आर्किटेक्ट निवडताना एकच प्रश्न विचारावा: प्रतिबंधित क्षेत्रातलं दुरुस्तीचं प्रकरण आधी केलंय का? आम्हाला अशा एक बाई मिळाल्या. त्यांची फी ७०,००० रुपये, त्यात मोजमाप, सध्याच्या स्थितीचे नकाशे, प्रस्तावित दुरुस्तीचे नकाशे, फोटो आणि पाठपुरावा. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "अर्जात 'बांधकाम' हा शब्द कुठेही येता कामा नये, कारण तुम्ही बांधकाम करतच नाही आहात. उंची तीच, जोतं तेच, क्षेत्रफळ तेच. बदलतंय फक्त खराब झालेलं साहित्य." त्यामुळे दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तर रेषा तंतोतंत जुळत होत्या आणि बदलायचा भाग तेवढा रंगवलेला होता. माझी इच्छा होती की चौकात एक छोटं न्हाणीघर काढावं, आईला जिना उतरून मागे जायला लागू नये म्हणून. बाईंनी नाही म्हटलं. नवीन भिंत आली की तो दुरुस्तीचा अर्ज राहत नाही. मग आहे त्याच मोरीत नळ आणि टाइल्स बदलायचं ठरलं.

अंतर मोजणं हीसुद्धा महत्त्वाची पायरी आहे. ते शनिवारवाड्याच्या संरक्षित हद्दीपासून आपल्या जागेच्या सर्वात जवळच्या कडेपर्यंत मोजतात. उपग्रह प्रतिमेवर खूण करून आणि जागेवर फीत लावून, दोन्ही पद्धतींनी काढलं. आमचं सत्तरेक मीटर भरलं. गल्लीत ऐकलेल्या अंतरावर विसंबू नका. आमच्याच गल्लीत लोक तीसपासून दीडशेपर्यंत काहीही सांगत होते.

जुलै २०२४ च्या सुरुवातीला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली अर्ज घेऊन परवानगी देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज गेला. कायद्यात मुदती लिहिलेल्या आहेत. सक्षम प्राधिकाऱ्याने अर्ज १५ दिवसांत दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत आपलं मत कळवायचं आणि मग सक्षम प्राधिकाऱ्याने एका महिन्यात परवानगी द्यायची किंवा नाकारायची. हे वाचून मी दिवाळीपर्यंत काम सुरू होईल असं धरून चालले होते. मुदती मोजायला सुरुवात होते ती मात्र अर्ज पूर्ण धरला गेल्यावर.

२५ जुलैला पुण्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरी पाण्याखाली गेली. आमच्याकडे नदीचं पाणी आलं नाही, पण पहाटे मागच्या भिंतीचा वरचा कोपरा परसात कोसळला. भेंड्यांची, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांची, भिंत पडते तेव्हा आवाज मोठा होत नाही. पोतं टाकल्यासारखा धप्प आवाज झाला आणि मग बराच वेळ माती घसरत राहिली. कुणाला लागलं नाही. आईला धाकट्या आत्याकडे पाठवलं, भिंतीला बल्ल्यांचे टेकू दिले, वर ताडपत्री घातली. इंजिनिअरने त्याच दिवशी येऊन पाहिलं आणि पत्र दिलं. ते पत्र आणि फोटो महापालिकेला आणि अर्ज जिथे होता तिथे, दोन्हीकडे पाठवले. तातडीचे टेकू देताना असे फोटो तारखेसह काढा, म्हणजे हे तात्पुरतं संरक्षण आहे हे कागदावर राहतं.

ऑगस्टमध्ये त्रुटीचं पत्र आलं. इमारत १६ जून १९९२ च्या आधीची असल्याचा पुरावा द्या. आता वाडा बघून कुणालाही कळेल की तो शंभर वर्षांच्या वरचा आहे. दगडी जोतं, सागवानी खांब, कडीपाट, भिंतीतल्या देवळ्या. पण फाइलला कागद लागतो. प्रॉपर्टी कार्डावर जागा दिसते, तिच्यावर इमारत कधीपासून उभी आहे ते दिसत नाही. मग आम्ही माळ्यावरची ट्रंक उघडली. आजोबांनी मिळकतकराच्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या, १९६० च्या दशकापासूनच्या. तेव्हाच्या वीज मंडळाचं १९८४ चं बिल मिळालं. रेशन कार्ड, भाडेकरूंच्या भाडेपावत्यांची जुनी स्थळप्रत, आणि आईच्या लग्नाचा चौकात काढलेला फोटो. आर्किटेक्टबाईंनी यातून पावत्या, बिल आणि महापालिकेकडून काढलेला कर आकारणीचा उतारा जोडला. उतारा सर्वात भक्कम, कारण त्यात मजले आणि वापर नोंदवलेला असतो. तो मिळायला सप्टेंबर उजाडला. ही एक गोष्ट सगळ्यात आधी करून ठेवा. जुने कागद रद्दीत देऊ नका, ट्रंक भरलेली असली तरी.

२०२४ चा गणेशोत्सव आईविना गेला, म्हणजे ती आत्याकडे आणि आम्ही इथे. विसर्जनाच्या दिवशी कसबा गणपतीची पालखी निघते ती बघायला तिला रिक्षाने आणलं. वाड्याकडे न बघता ती थेट गणपतीच्या रस्त्याला उभी राहिली. टेकू लावलेली भिंत तिला बघायची नव्हती.

२९ सप्टेंबरला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठेचं भुयारी स्थानक खुलं झालं. मी पहिल्याच आठवड्यात गेले. इतक्या खोल उतरून गाडीत बसायचं, आणि वर डोक्यावर हे सगळे वाडे, बोळ, देवळं. स्थानक जवळ आल्याचा फायदा मला रोज होतो. नोकरीवर जायला पूर्वीपेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो. पण त्याच महिन्यात गल्लीतल्या दोन घरांचं भाडं वाढलं, आणि पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना सोडून कॉटच्या हिशेबाने भाडं घेणं मालकांना परवडू लागलं. मेट्रो हवीच होती. ती आली तेव्हा आमची भिंत उभी असायला हवी होती, एवढंच मनात येत राहिलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर विधानसभेची आचारसंहिता लागली, मतदान २० नोव्हेंबरला झालं. फाइल एका कार्यालयात एकाच टेबलावर बरेच आठवडे पडून होती. तिथल्या मॅडमकडे दर सोमवारी फोन करायचा, नम्रपणे, आणि अर्जाचा क्रमांक आधी सांगायचा, ही पद्धत ठेवली. आवाज चढवून काही होत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवला होता, तो द्यायची वेळ आली नाही. कुणालाही पैसे दिले नाहीत, आणि कुणी मागितलेही नाहीत, हे मुद्दाम नोंदवते. पेठेत अशा कामाविषयी बोलताना लोक तेच गृहीत धरतात.

२०२५ च्या जानेवारीत परवानगीचं पत्र आलं. अटी अशा: उंची आणि क्षेत्रफळ वाढवायचं नाही, मंजूर नकाशाबाहेर काम नाही, काम चालू असताना पाहणीला हरकत नाही, खोदताना काही जुनं सापडलं तर लगेच कळवायचं. पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मग आत्याकडे फोन लावला.

या पत्राची प्रत जोडून महापालिकेकडे दुरुस्तीची परवानगी घेतली. फेब्रुवारीच्या शेवटी काम सुरू झालं. पण त्याआधी तळमजल्याच्या भाडेकरू काकूंशी बोलणं झालं. त्यांचं भाडं महिना ८५ रुपये आहे आणि त्या आजोबांच्या काळापासून आमच्याकडे राहतात. कामाच्या नावाखाली बाहेर काढतील अशी भीती त्यांना वाटत होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही, पेठेत असं घडतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे जागा चांगल्या स्थितीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्यच आहे. आम्ही लिहून दिलं की काम चालू असेपर्यंत त्या माडीवरच्या पुढच्या खोलीत राहतील, नंतर त्याच खोल्या, तेवढंच क्षेत्रफळ, तेच भाडं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागतो, त्यावर करार केला. काकू सही करताना म्हणाल्या, "अगं, तुझ्या आजोबांनी नुसतं तोंडाने सांगितलं होतं, तेही पुरलं होतं." तरीही लिहून घ्या, दोघांसाठीही.

पैशांचं सांगते. सगळं मिळून साडेतेरा लाखांच्या घरात गेलं. घरदुरुस्तीचं कर्ज मिळालं नाही, कारण बँका मंजूर नकाशा मागतात आणि अशा वाड्यांना तो नसतोच. आईची ठेव, भावाने पाठवलेले पैसे आणि माझ्या सोन्यावरचं तारण कर्ज यातून उभं केलं. ठरवलेल्या अंदाजापेक्षा पावणेदोन लाख जास्त लागले. त्यात मोठा वाटा वाहतुकीचा आणि राडारोड्याचा. आमच्या गल्लीत छोटा हत्तीसुद्धा तोंडापर्यंतच येतो, तिथून पुढे सगळं घमेल्याने. पेठेत काम काढणाऱ्यांनी हा खर्च वेगळा धरावा.

कामातला सगळ्यात चांगला भाग सुतारमामांचा. तुळयांची टोकं भिंतीत गाडलेली असतात आणि ओल धरून तिथेच कुजतात, मध्ये लाकूड ठणठणीत असतं. मामा हातोडीचा दांडा घेऊन तुळईच्या एका टोकापासून ठोकत निघायचे. खणखणीत आवाज यायचा, यायचा आणि भिंतीपासून हातभर अंतरावर एकदम बद्द व्हायचा. तिथे खडूने रेघ. रेघेपलीकडचं लाकूड कापलं तर आत तपकिरी भुसा आणि वाळवीची माती. तेवढंच काढून, तिरका सांधा घेऊन, जुन्या सागाचा तुकडा बसवला आणि बोहरी आळीतून आणलेल्या बोल्टांनी आवळला. लाकूड एका पाडलेल्या वाड्याचं घेतलं, २ लाख ६० हजारांचं. नवीन का नको विचारलं तर मामा म्हणाले, "ताई, नवं लाकूड दोन पावसाळे पीळ खातं. हे शंभर वर्षं वाळलंय, आता कुठं जात नाही." कुणाचा तरी वाडा पडला म्हणून आमचा उभा राहतोय, ही जाणीव त्या तुळया उतरवून घेताना होती. एका तुळईवर कुणीतरी कोरलेलं छोटं कमळ होतं. ते आम्ही दर्शनी बाजूला ठेवलं.

भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा नाही, हेही आर्किटेक्टबाईंनी निक्षून सांगितलं होतं. मातीच्या भिंतीवर सिमेंट चढवलं की आतली ओल आतच राहते आणि भिंत पोटातून सुटते. आमच्या मागच्या भिंतीला पूर्वी कधीतरी तसाच गिलावा झालेला होता, आणि पोट नेमकं तिथेच आलं होतं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला तीन आठवडे गेले. चुना मुरवायला वेळ लागतो, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालतात, आणि एक थर सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही. ठेकेदार घाई करत होता, कारण एप्रिल संपत आला होता.

आणि मग २०२५ चा मे. मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस रोज येऊ लागला. छपराचे वासे बसले होते, कौलं निम्मी चढली होती. एरवी पुण्यात मान्सून जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो, त्या हिशेबाने आम्ही चाललो होतो. सुतारमामा आणि त्यांचा मुलगा उघडीप मिळेल तशी, सकाळी सहापासून कौलं लावत होते. शेजारच्या घरातली कॉलेजची मुलं, जी एका खोलीत चौघं राहतात, ती आपणहून आली आणि गल्लीच्या तोंडापासून परसापर्यंत साखळी करून कौलं पोचवली. शेवटचा कोना बसला तो २५ मे ला संध्याकाळी. २६ ला मान्सून पुण्यात दाखल झाल्याचं जाहीर झालं. त्या रात्री मी माडीवरच्या खोलीत जमिनीवर झोपले आणि पाणी कुठून येतंय का ते बघत राहिले. कुठून आलं नाही.

आई जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आली. काकू आपल्या खोल्यांत गेल्या. काम पूर्ण झाल्याचे फोटो, इंजिनिअरचं स्थिरता प्रमाणपत्र आणि परवानगीची प्रत अशी एक फाइल महापालिकेला आणि एक सक्षम प्राधिकाऱ्याला दिली. कामानंतरचा हा कागद बरेच जण देत नाहीत. तो दिला नाही तर पुढच्या पावसाळ्याच्या पाहणीत जुनीच नोंद राहते आणि पुन्हा नोटीस लागू शकते.

माडीचा पुढचा सज्जा अजून व्हायचा आहे. तो या अर्जात नव्हता, त्यासाठी नवा अर्ज करावा लागेल, पण वारस नोंद, अंतर आणि १९९२ आधीचा पुरावा आता तयार आहे. गल्लीतल्या आणखी दोन घरांनी वारस नोंदीपासून सुरुवात केली आहे. त्यातलं एक घर मोजल्यावर १०० मीटरच्या थोडं बाहेर निघालं. इतकी वर्षं ते स्वतःला आतलं समजत होते. त्यांना नियंत्रित क्षेत्रातल्या बांधकामासाठी अर्ज करता येईल. तो मार्ग वेगळा आहे, कागद मात्र बहुतेक हेच लागतील, आणि आमच्या फाइलची झेरॉक्स त्यांच्याकडे पोचली आहे.